वायरलेसला गप्प बसवणारे सूर

अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९७२ ते १९७७ या काळात ‘इमर्जन्सी!’ नावाची मालिका लागत असे. लॉस एंजेलिस परगण्याच्या अग्निशमन दलातले, ५१ क्रमांकाच्या केंद्रावरचे जवान हे तिचे नायक. त्यांच्या गप्पा रंगात आलेल्या असत आणि तेवढ्यात स्पीकरमधून एकमेकांत मिसळलेले दोन विचित्र सूर घुमत, पाठोपाठ आणखी दोन, आणि मग घटनास्थळाचा पत्ता सांगणारा एक शांत आवाज. तो आवाज नटाचा नव्हता. सॅम लॅनियर हे त्या दलाचे खरेखुरे डिस्पॅचर होते, म्हणजे नियंत्रण कक्षात बसून गाड्या रवाना करणारे.

प्रेक्षकांना ते सूर धोक्याची घंटा वाटत. वास्तविक ते माणसांसाठी नव्हतेच. केंद्रातल्या रेडिओ संचासाठी होते. संच चोवीस तास चालू, पण त्याचा स्पीकर बंद. नेमून दिलेले सूर कानी आले की तो स्पीकर उघडायचा आणि पुढचे बोलणे जवानांना ऐकू यायचे. परगण्यातल्या बाकीच्या केंद्रांपर्यंतही तोच संदेश त्याच क्षणी पोचलेला असे, पण तिथले संच मुकाट राहत. जागे कोणाला करायचे याइतकाच झोपू कोणाला द्यायचे हाही प्रश्न या सुरांनी सोडवला होता. सूरसंकेतांबद्दल बोलताना त्यांच्या हाक मारण्याचेच कौतुक होते. माझ्या मते त्यांची मोठी कामगिरी गप्प बसवण्याची आहे.

टेलिफोनची तार ठरावीक घरात जाते. रेडिओलहर मात्र सगळीकडे पसरते आणि ज्याच्याकडे त्या वारंवारतेवर लावलेला संच आहे त्या प्रत्येकाला ती सापडते. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ साली गस्तीच्या गाड्यांत रेडिओ बसवले तेव्हा ते एकतर्फी होते: मुख्यालयाने बोलायचे, गाड्यांनी ऐकायचे. १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन शहराच्या पोलिसांनी दुतर्फी रेडिओ वापरात आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर टॅक्सीवाले, रुग्णवाहिका, वीज कंपन्या, बांधकामाचे ट्रक अशा सगळ्यांनाच वायरलेस हवा झाला. वारंवारता थोड्या, मागणारे फार. मग एकाच वारंवारतेवर दोन-तीन संस्था दाटीवाटीने राहू लागल्या. टॅक्सीचालकाच्या कानावर दिवसभर आपल्या कंपनीच्या सूचनांबरोबर सिमेंटवाल्याच्या सूचनाही आदळत. असे सतत बडबडणारे यंत्र समोर असले की माणूस त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि एकदा का ही सवय लागली की आपल्या नावाने आलेली हाकही निसटते.

यातून सुटायची युक्ती इतकी साधी की आज तिचे नवल वाटत नाही. बोलण्याआधी किंवा बोलण्याच्या बरोबर एक ठरलेला सूर पाठवायचा. ऐकणाऱ्या संचात तो सूर ओळखणारा भाग बसवायचा. सूर जुळला तर स्पीकर उघडायचा, नाही तर नाही. पुढच्या सगळ्या पद्धती या एकाच कल्पनेचा विस्तार आहेत.

सुरुवातीला सूर ओळखण्याचे काम इलेक्ट्रॉनिक नव्हे, यांत्रिक होते. मोटोरोलाच्या संचांत एका छोट्या धातूच्या डबीत पोलादी पट्टी बसवलेली असे आणि तिच्याभोवती तारेचे वेटोळे. वेटोळ्यात अचूक त्याच वारंवारतेचा सूर आला तरच पट्टी थरथरायला लागे. डबी उपसून दुसरी खोचली की संचाचा सूर बदलला. ही पट्टी कमालीची चोखंदळ होती, पण तेवढीच मंदही. तिला पुरता कंप यायला वेळ लागे, म्हणून सूर थोडा रेंगाळत वाजवावा लागे.

हा मंदपणा पट्टीचा दोष म्हणावा तर तसे नाही. सूर ओळखणे म्हणजे कंपने मोजणे. ६७ हर्ट्झ आणि ७१.९ हर्ट्झ हे दोन सूर घ्या. पूर्ण सेकंदभर ऐकले तर एकात ६७ आणि दुसऱ्यात जवळजवळ ७२ कंपने होतात. फरक स्पष्ट आहे. पण सेकंदाच्या दहाव्या भागात एकाची ६.७ आणि दुसऱ्याची ७.२ कंपने होतात, म्हणजे जेमतेम अर्ध्या कंपनाचा फरक. त्यात गाडीचा खडखडाट आणि रेडिओची खरखर मिसळा. सूर जितके जवळजवळ, तितका वेळ ऐकल्याशिवाय निवाडा होत नाही. पट्टी काढून तिथे आजची चिप बसवली तरी या नियमातून सुटका नाही. पुढे जी निरनिराळी मापे येतील, कुठे तीन सेकंद, कुठे सेकंदाचा चौदावा भाग, त्यांच्यामागे मुख्यतः हा हिशेब आहे.

अमेरिकेच्या ग्रामीण भागात आजही गाजते ती दुहेरी सुरांची पद्धत, मोटोरोलाच्या भाषेत ‘क्विक कॉल टू’. मालिकेत ऐकू येई ती तिची थोरली बहीण. तिच्यात दोन सूर एकदम वाजत. या धाकटीत ते एकामागून एक येतात: पहिला साधारण एक सेकंद, दुसरा तीन सेकंद. अमेरिकेतले निम्म्याहून जास्त अग्निशामक हे पगारी नसून स्वयंसेवक आहेत. कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, कोणी गॅरेजवाला. त्यांच्या उशाशी किंवा कमरेला ‘मिनिटर’सारखा एक छोटा पेजर असतो. परगण्याच्या नियंत्रण कक्षातून रात्रभर कितीतरी गावांना हाका जात असतात, पण पेजर मौन पाळून असतो. आपल्या गावचे दोन सूर ओळीने आले की तो किंचाळतो आणि मागोमाग डिस्पॅचरचा आवाज ऐकवतो. सगळ्या गावांना एकदम उठवायचे असेल तर एकच सूर आठेक सेकंद लांबवतात.

एकापाठोपाठ एक असे दोन सूर का? कारण माणसाचा आवाज फसवा असतो. बोलताना किंवा हसताना आपल्या गळ्यातून अनेक वारंवारता एकदम निघतात आणि त्यातल्या दोन योगायोगाने संकेताशी जुळल्या तर पेजर उगाच ओरडतो. पण आधी एक सूर अचूक सेकंदभर आणि लगोलग दुसरा त्याहून लांब धरायचा, हे बोलता बोलता कोणाच्या हातून घडत नाही. तालमीतल्या गायकालाही ते ठरवून करावे लागेल. संकेत लांबवून चार सेकंद खर्ची पडतात खरे, पण रात्री तीन वाजता एखाद्याला खोट्या हाकेने उठवण्यापेक्षा हा खर्च परवडतो. दोन-चार वेळा असे झाले की माणूस पेजर बंद करून झोपतो, हे डिस्पॅचर ओळखून असतात.

ही झाली हाक मारण्याची पद्धत. दुसरी जात अशी की तिच्यात सूर आधी वाजून संपत नाही. बोलणे चालू असेपर्यंत त्याच्या तळाशी तो अखंड वाजत राहतो आणि तरीही ऐकणाऱ्याला तो जाणवत नाही. वायरलेसवर आपण बोलतो ते साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. ३०० च्या खालची जागा रिकामीच असते. तिथे ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यानचा एक सूर हळू आवाजात सोडून द्यायचा, आणि ऐकणाऱ्या संचाने तो तपासून स्पीकरकडे जाण्याआधी गाळून टाकायचा. या सुरांची यादी ठरलेली आहे. १००.०, १०३.५, १०७.२ अशी ती चढत जाते. शेजारच्या दोघांत सुमारे साडेतीन टक्क्यांचे अंतर. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत हे अंतर जवळजवळ सहा टक्के असते, म्हणजे इथले सूर पेटीपेक्षाही दाट बसवलेले आहेत. पुरुष गायकांची नेहमीची काळी एक मंद्राकडच्या बाजूला १३८.६ हर्ट्झवर येते. यादीत ती नाही, तिच्या एका अंगाला १३६.५ आणि दुसऱ्या अंगाला १४१.३ आहे.

ही यादी अमेरिकेत बनली, जिथे घरातली वीज ६० हर्ट्झची असते. आपली ५० हर्ट्झची. विजेचा गुणगुणाट तिच्या पटीत ऐकू येतो, त्यामुळे आपल्याकडे १०० हर्ट्झला तो हमखास भेटतो आणि यादीतला १००.० हा सूर नेमका त्याच्या अंगावर जाऊन बसतो. भारतात वायरलेसची जुळणी करणाऱ्याने हा सूर टाळलेला बरा. हलक्या दर्जाचा चार्जर लावलेला संच स्वतःच्याच गुणगुणाटाने फसण्याची शक्यता असते.

प्रत्येक कंपनीने या अखंड सुराला आपापले नाव दिले. मोटोरोलाने ‘प्रायव्हेट लाइन’, जनरल इलेक्ट्रिकने ‘चॅनेल गार्ड’, आरसीएने ‘क्वाएट चॅनेल’. तिघांत आरसीए प्रामाणिक. ‘प्रायव्हेट’ म्हटले की वाटते आपले बोलणे इतरांपासून लपले. लपत काहीच नाही. ज्याने आपल्या संचावर सूर तपासायचे बंद केले आहे त्याला सगळे लख्ख ऐकू येते. हा पडदा बोलणाऱ्याच्या तोंडावर नसून ऐकणाऱ्याच्या कानावर आहे आणि तो ऐकणाऱ्याने स्वखुशीने लावलेला आहे. पण विक्रीच्या दृष्टीने मोटोरोलाचे नाव सरस ठरले आणि आजही अमेरिकेतले तंत्रज्ञ कोणत्याही कंपनीच्या अशा सुराला ‘पीएल’च म्हणतात.

त्यातून एक वेगळीच पंचाईत उभी राहिली. आपला स्पीकर शांत आहे म्हणजे वारंवारता मोकळी आहे असे नाही. सिमेंटवाला बोलत असेल, पण त्याचा सूर वेगळा म्हणून टॅक्सीवाल्याला शांतता. हा बटण दाबून बोलू लागला की दोघांचेही बोलणे वाया. त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. गाडीतला मायक्रोफोन ज्या खुंटीला अडकवलेला असतो त्या खुंटीतच एक स्विच. मायक्रोफोन खुंटीवर आहे तोवर सूर तपासला जाई. तो उचलला की तपासणी बंद आणि वारंवारतेवर जे काही चालले असेल ते ऐकू येई. बोलायला हात घातला की आधी ऐकणे आपोआप घडावे, अशी ही रचना. आताच्या हातातल्या संचांवर त्यासाठी वेगळे बटण असते, आणि वेगळे असल्यामुळेच ते फारसे कोणी दाबत नाही.

दुसरी पंचाईत सुरुवातीच्या अक्षरांची. सूर ओळखायला साधारण पाव सेकंद लागतो. बटण दाबताक्षणी बोललात तर तेवढे बोलणे समोरच्याच्या बंद स्पीकरवर आपटून नाहीसे होते. ‘नका येऊ’ म्हणालात तर पलीकडे ‘येऊ’ एवढेच पोचायचे. पोलीस आणि अग्निशमन दलात नव्या माणसाला पहिल्या दिवशी बटण दाबून क्षणभर थांबायला शिकवतात ते यासाठी.

आणि शेवटाचीही पंचाईत होतीच. बोलणाऱ्याने बटण सोडले, सूर थांबला, तरी ऐकणाऱ्या संचातली पोलादी पट्टी लगेच थांबत नसे. झोका द्यायचे थांबवले तरी पाळणा थोडा वेळ हलत राहतो, तसेच ते. तेवढ्या वेळात स्पीकर उघडा आणि समोरून काही येत नाही, त्यामुळे ‘खर्रर्र’ असा कानठळ्या बसवणारा आवाज येई. अभियंत्यांनी उपाय केला तो असा: बटण सोडल्यावरही प्रक्षेपण क्षणभर चालू ठेवायचे आणि त्या क्षणात सुराची कंपने उलट्या टप्प्यात पाठवायची. पट्टीला तिच्याच लयीत, पण विरुद्ध दिशेने धक्का बसतो आणि ती थबकते. खरखर सुरू होण्याआधी स्पीकर बंद. डिजिटल मंडळींना हे फुटकळ वाटेल. आठ तास कानाशी वायरलेस धरून बसणाऱ्याला विचारावे.

या अखंड सुराची पुढे एक अंकी आवृत्तीही निघाली. सुराऐवजी तळाशी सेकंदाला १३४.४ बिट या संथ गतीने २३ बिटांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा फिरत राहतो. हा शब्द मार्सेल गोले यांनी १९४९ साली मांडलेल्या संकेतपद्धतीतला आहे. त्यातले तीन बिट चुकले तरी मूळ शब्द ओळखता येतो. याच पद्धतीचे २४ बिटांचे रूप वापरून व्हॉएजर यानांनी गुरू आणि शनीची रंगीत छायाचित्रे पृथ्वीवर पाठवली. गुरूवरून चित्र आणणारे आणि सुरक्षारक्षकाच्या वॉकीटॉकीला गप्प बसवणारे गणित एकच आहे.

युरोपने हाक मारण्यासाठी वेगळा रस्ता धरला. जर्मनीतल्या विद्युत उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे झेडव्हीईआयने, दहा अंकांसाठी दहा सूर ठरवले: एकासाठी १,०६० हर्ट्झ, दोनसाठी १,१६०, असे करत शून्यासाठी २,४००. पाच अंकांचा क्रमांक म्हणजे पाच सुरांची झटपट सरगम, प्रत्येक सूर ७० मिलिसेकंदांचा. सगळा संकेत सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात आटोपतो. अमेरिकन पेजरला चार सेकंद लागत असताना हे इतक्या झटपट कसे जमले? सूर एकमेकांपासून शंभर किंवा त्याहून जास्त हर्ट्झ दूर ठेवले, त्यामुळे ते चटकन वेगळे ओळखू येतात. वरून एक लाख वेगवेगळे क्रमांक मिळतात. एक अडचण मात्र होती: क्रमांकात ४४ आले तर दोन सूर जोडून एकच लांब सूर ऐकू येईल. म्हणून ‘मागचाच अंक पुन्हा’ असे सांगणारा अकरावा सूर ठेवला, २,६०० हर्ट्झचा. गावच्या स्वयंसेवक अग्निशामकांना बोलावताना ही पाच सुरांची सरगम दोनदा वाजे. आगीसाठी सायरन वाजवायचा असेल तर तिच्या मागून ६७५ आणि १,२४० हर्ट्झचे दोन सूर एकदम येत.

डिस्पॅचरच्या खोलीतल्या एका सुराविषयी मात्र बाहेर फारसे कोणाला माहीत नसते. डिस्पॅचर शहरात बसतो, प्रक्षेपक मात्र डोंगरावर. मध्ये टेलिफोनची भाड्याची तार. त्या तारेतून आवाज जातो, पण ‘आता प्रक्षेपण सुरू कर’ हे डोंगरावरच्या यंत्राला कसे सांगायचे? डिस्पॅचरने बटण दाबले की आधी २,१७५ हर्ट्झचा एक खणखणीत सूर सुमारे १२० मिलिसेकंद जातो: ‘लक्ष दे’. मग ४० मिलिसेकंदांचा दुसरा सूर आज्ञा देतो. १,९५० हर्ट्झ असेल तर पहिल्या वारंवारतेवर बोल, १,८५० असेल तर दुसऱ्या. आणि मग बोलणे संपेपर्यंत तोच २,१७५ चा सूर अगदी बारीक आवाजात चालू राहतो. तो थांबला की प्रक्षेपक थांबतो. तार मध्येच तुटली तरी सूर थांबतो आणि प्रक्षेपक आपोआप बंद पडतो. वारंवारता अडवून बसत नाही. बोलण्यातून हा सूर गाळायला तेवढाच बारीक पट्टा कापणारा गाळक लावतात. संपूर्ण व्यवस्थेत सर्वांत नीट विचार केलेला भाग कोणता असे विचारले तर मी याच्याकडे बोट दाखवीन.

सूरसंकेतांचे एक मोठे ठाणे आपल्या मुंबईतही आहे. अरबी समुद्रावरून जाणारी विमाने किनाऱ्यापासून लांब गेली की नेहमीचा रेडिओ पोचत नाही. मग लघुलहरींवर ‘मुंबई रेडिओ’शी बोलावे लागते. लघुलहरी म्हणजे वीज, वादळे आणि अवकाश यांची एकत्रित खरखर. तासन् तास ती ऐकत बसलात तर डोके उठते. म्हणून १९५७ पासून विमानांसाठी ‘सेलकॉल’ आहे. वैमानिक आवाज बंद करून ठेवतो. जमिनीवरचा ऑपरेटर त्या विमानाच्या चार अक्षरांचा संकेत सोडतो: एक सेकंद दोन सूर एकत्र, ०.२ सेकंद थांबून पुन्हा एक सेकंद दुसरे दोन सूर एकत्र. कॉकपिटमध्ये दिवा लागतो, घंटी वाजते. इथे सूर इतके लांबवलेले आहेत ते लघुलहरींच्या गोंगाटातून तगून जाण्यासाठी.

सुरुवातीला बारा सूर होते, त्यांतून २,९७० संकेत बनत. पुढे सोळा झाले, तेव्हा १०,९२०. जगात विमाने त्याहून कितीतरी जास्त, म्हणून एकच संकेत दूरदूरच्या दोन विमानांना द्यावा लागतो. लघुलहरी कधी कधी अर्धे जग ओलांडतात, त्यामुळे भलत्याच विमानाची घंटी वाजू शकते. घंटी वाजल्यावर वैमानिकाने आपल्या विमानाचे नाव ऐकून खात्री करायची असते. आता सुरांची संख्या बत्तीस केली आहे आणि शक्य संकेत दोन लाख पंधरा हजारांवर गेले आहेत.

आता या साऱ्या व्यवस्थेचा कच्चा दुवा. सूर कोणीही ऐकू शकतो, म्हणजे कोणीही वाजवूही शकतो. ७ एप्रिल २०१७ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास टेक्सासमधल्या डॅलस शहरात वादळाची सूचना देणारे सर्वच्या सर्व १५६ सायरन एकदम किंचाळू लागले. आकाश निरभ्र. रात्री एक वाजून गेल्यावर ते पूर्ण थांबले. तोवर आपत्कालीन क्रमांकावर चार हजारांहून जास्त फोन आले होते. शहराच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की संगणकात कोणी शिरले नव्हते; रेडिओवरून सूर पाठवून हे केले गेले. सायरनची यंत्रणा सुरांवर चाले आणि सूर कोणी वाजवला हे तपासायची सोय तिच्यात नव्हती. त्यानंतर शहराने संकेत कूटबद्ध करायला सुरुवात केली.

आज मोठ्या शहरांतल्या पोलीस यंत्रणा अंकी झाल्या आहेत आणि सुरांची जागा क्रमांकांनी घेतली आहे. अमेरिकेच्या ‘पी-२५’ पद्धतीत ४,०९६ जाळे-क्रमांक आहेत, ‘डीएमआर’ संचांत सोळा रंग-संकेत. काम तेच, अनोळखी बोलणे स्पीकरपर्यंत येऊ न देणे. बोलणे खरोखर लपवायचे तर त्यावर कूटलेखन वेगळे चढवावे लागते. स्वयंसेवक अग्निशामकांच्या कितीतरी पेजरांना मात्र जुने दोन सूरच जाग आणतात. स्वस्त संच, एकच प्रक्षेपण, सगळ्यांना एकाच वेळी खबर. या हिशेबाला तोड नाही.

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त वॉकीटॉकी २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात. गणपती मंडळे, सोसायट्या, सह्याद्रीत फिरणारे गट असे संच घेऊ लागले आहेत आणि खोक्यावर ‘प्रायव्हसी कोड’ असे छापलेले असते. तो कोड म्हणजे वर सांगितलेला तळातला सूर किंवा तेवीस बिटांचा शब्द, त्यापलीकडे काही नाही. तो जरूर लावा, शेजारच्या मंडपातला गोंधळ कानावर येणार नाही. पण वर्गणीची रोकड कोणाकडे आहे आणि कोणत्या फ्लॅटचे लोक गावाला गेले आहेत हे त्यावरून सांगू नका, त्यासाठी फोन करा.